चित्रपट अवघड राहू द्या

एखादा 'अवॉर्डवाला' चित्रपट संपला, की थिएटरच्या जिन्यावर दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक वाक्य मोठ्या आवाजात येतं : "सगळं डोक्यावरून गेलं. चार लोकांना कळेल असं का काढत नाहीत हे?" दुसरं जरा हळू येतं : "हा सिनेमा सगळ्यांसाठी नसतोच मुळी." पहिल्यात चीड आहे, दुसऱ्यात तोरा. वरवर पाहता ही माणसं एकमेकांची कट्टर विरोधक आहेत. पण एका मुद्द्यावर त्यांचं पक्कं एकमत आहे. सामान्य प्रेक्षकापर्यंत पोचायचं तर चित्रपट सोपा व्हावा लागेल, हे दोघांनीही गृहीत धरलं आहे. पहिला म्हणतो, मग करा सोपा. दुसरा म्हणतो, मग नाही पोचला तरी चालेल.

खोट आहे ती या गृहीतात. चित्रपटाच्या आतली अडचण वेगळी आणि चित्रपटापर्यंत जाण्यातली अडचण वेगळी. आतली अडचण दिग्दर्शकाने विचार करून ठेवलेली असते. ती काढली तर पुष्कळदा चित्रपटच उरत नाही. बाहेरची अडचण वेळ, पैसा, भाषा आणि संकोच यांची बनलेली असते. ती काढली तर चित्रपटाच्या एका फ्रेमलाही धक्का लागत नाही. आपण मात्र गेली पन्नासएक वर्षं आतल्या अडचणीवरच भांडतो आहोत.

आधी ही आतली अडचण असते तरी कशी, ते पाहू.

1969 हे वर्ष हिंदी समांतर सिनेमाचं आरंभवर्ष मानलं जातं. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या पैशावर त्या वर्षी तीन चित्रपट तयार झाले : मृणाल सेन यांचा 'भुवन शोम', बासू चटर्जींचा 'सारा आकाश' आणि मणि कौल यांचा 'उसकी रोटी'. तिन्हींचा कॅमेरा के. के. महाजन यांचा. पहिले दोन लोकांनी आपले म्हटले. तिसऱ्याने मात्र आजतागायत भांडण लावून ठेवलं आहे.

'उसकी रोटी'ची गोष्ट सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती मोहन राकेश यांच्या कथेवर आधारलेली आहे. पंजाबातल्या एका खेड्यातली बालो बसड्रायव्हर नवऱ्यासाठी रोटी बांधून घेते, सडकेवर येऊन उभी राहते आणि त्याची बस आली की ती त्याच्या हाती देते. एके दिवशी धाकट्या बहिणीची कुणीतरी छेड काढतो, त्या गोंधळात बालोला उशीर होतो. नवरा रागावतो आणि रोटी न घेताच निघून जातो. ती तिथेच थांबून राहते. झाली गोष्ट. यात न कळण्यासारखं काहीही नाही.

अडचण येते ती सांगण्याच्या रीतीत. कणीक मळणारे हात दिसतात आणि पडद्यावरून लवकर हलत नाहीत. रस्ता दिसतो, रिकामा. माणसं बोलतात ती सपाट सुरात, आणि प्रश्न नि उत्तर यांच्यामध्ये इतका वेळ जातो की प्रश्न काय होता तेच आपण विसरावं. कौल यांनी मुख्यतः दोनच भिंगं वापरली, 28 मिलिमीटरचं आणि 135 मिलिमीटरचं. सुरुवातीला एक बालोच्या प्रत्यक्ष जगण्यासाठी आणि दुसरं तिच्या मनात चाललेल्या गोष्टींसाठी. पुढे पुढे ही वाटणी उलटत जाते. घडलेलं काय आणि तिच्या मनातलं काय, याचा भरवसा प्रेक्षकाला उरत नाही. कसा उरावा? भर उन्हात तासन्‌तास रस्त्याकडे पाहत उभ्या असलेल्या बाईला तरी तो कुठे असतो?

रूढ हिंदी चित्रपटात वाट पाहणं कसं दाखवतात ते आठवा. भिंतीवरचं घड्याळ, झाकून ठेवलेलं ताट, खिडकीशी बसलेली नायिका, फार तर एक गाणं. वाट पाहून झाली हे आपल्याला समजतं, आणि आपण पुढच्या प्रसंगाला मोकळे होतो. 'उसकी रोटी'त ते नुसतं समजत नाही, आपल्यालाही थांबावं लागतं. खुर्चीत चुळबुळ होते, बसला उशीर का होतोय असं वाटू लागतं, आणि मग ध्यानात येतं की या बाईचं सगळं आयुष्य या उशिराभोवती फिरतं आहे. आता समजा, कुणी भल्या मनाने हा चित्रपट 'सर्वांना रुचेल असा' करायचं ठरवलं. लांबलेले शॉट छाटले, संवादांत जीव ओतला, पार्श्वसंगीत घातलं. गोष्ट शाबूत राहील आणि विषय नाहीसा होईल. कारण विषय रोटीचा नव्हता, वेळेचा होता.

सगळ्याच अडचणी संथपणाच्या नसतात. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आपल्या अगदी जवळचा. 2014 साली व्हेनिसला गौरवला गेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, ऑस्करसाठी भारतातर्फे तोच गेला. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला चालतो. तारखांवर तारखा पडतात. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा मुंबईच्या रोजच्या भाषा कानावर पडतात. एकही वाक्य बोजड नाही. तरी अनेक जण बाहेर पडताना विचारतात, "पण याला दाखवायचंय काय?"

हा प्रश्न चांगला आहे, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते तो सांगतो. 'कोर्ट'चा कॅमेरा लांब आणि स्थिर उभा राहतो. फ्रेममध्ये दहा माणसं असतात, आणि त्यांतल्या कुणाकडे बघायचं ते तो सांगत नाही. काय वाटून घ्यायचं याची सूचना देणारं पार्श्वसंगीत नाही. सरकारी वकीलबाई शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून तावातावाने भांडतात, आणि मग कॅमेरा त्यांच्याबरोबर लोकलने घरी जातो. मुलं, स्वयंपाक, चारचौघींसारखं दमणं. पुढे हे कुटुंब नाटकाला जातं. त्या नाटकात परप्रांतीयाची टिंगल चालते आणि सगळं प्रेक्षागृह खळखळून हसतं. आपण या बाईंना खलनायिका ठरवू पाहत होतो, ते जमत नाही. साळसूद म्हणून सोडून द्यावं, तर तेही नाही.

शेवटाकडे कोर्टाला सुटी लागते. दालन रिकामं होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. लोक चपला चाचपू लागतात. तेवढ्यात उजेड होतो आणि आपण एका रिसॉर्टवर असतो. न्यायाधीश नातेवाइकांबरोबर सहलीला आलेले आहेत. बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो. पोरं जवळ येऊन एकदम ओरडतात नि पळतात. साहेब दचकून उठतात, हाती लागलेल्या पोराच्या मुस्काटात देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. चित्रपट संपतो.

इथे एखादं भाषण घालणं काही कठीण नव्हतं. व्यवस्था कशी झोपलेली आहे, जाग आली की कशी दुबळ्यावरच हात टाकते, हे एखाद्या पात्राने दोन वाक्यांत सांगितलं असतं तर टाळ्याही पडल्या असत्या. पण मग निकाल पडद्यावरच लागला असता आणि प्रेक्षक निर्धास्तपणे घरी गेला असता. निकाल प्रेक्षकावर सोपवणं हाच या चित्रपटाचा घाट आहे. म्हणजे 'कोर्ट' अवघड आहे तो त्यात काही दडवलेलं आहे म्हणून नव्हे. प्रेक्षकाच्या वाटणीचं काम तो करून देत नाही म्हणून.

इथवर मान्य केलं तरी एक रास्त शंका उरते. अवघडपणाला एवढा मान दिला, तर ज्याला काही सांगताच येत नाही त्याचीही सोय होईल. दर भोंगळ चित्रपट 'तुम्हाला कळला नाही' म्हणून निसटून जाईल. ही भीती खोटी नाही, आणि ती बाजारवाल्यांनीच व्यक्त केली असंही नाही. सत्यजित राय यांनी 1971 आणि 1974 साली नव्या भारतीय सिनेमावर दोन लेख लिहिले. दुसऱ्या लेखात त्यांनी मणि कौल यांच्या 'दुविधा'वर आणि कुमार शहानी यांच्या 'मायादर्पण'वर कडक टीका केली. हे राय म्हणजे 1947 साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढणाऱ्यांपैकी एक. जगाचा सिनेमा त्यांना पाठ होता. तरीही प्रेक्षकाला वाऱ्यावर सोडून दिलेला सिनेमा त्यांना पटत नव्हता. कौल आणि शहानी यांच्याबद्दल त्यांचं चुकलं असेल किंवा नसेल, पण प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क कुणी नाकारू नये.

मग खऱ्या आणि खोट्या अवघडपणाची पारख कशी करायची? मला दोन कसोट्या पुरेशा वाटतात. पहिली, ही अडचण काढून टाकली तर काय जातं? काहीच जात नसेल तर ती उगाच ठेवलेली होती. दुसरी, पुन्हा पाहिल्यावर हा चित्रपट काही जास्त देतो का? पहिल्या खेपेला कंटाळा आणणारा शॉट दुसऱ्या खेपेला बोलू लागला, तर कंटाळ्याला अर्थ होता. दुसऱ्या खेपेलाही तो मुकाच राहिला, तर दिग्दर्शकाला खुशाल नावं ठेवा. पण या दोन्ही कसोट्या लावायच्या तर चित्रपट आधी पाहायला मिळाला पाहिजे, आणि दुसरीसाठी तो दोनदा मिळाला पाहिजे. म्हणजे इथे आपण आतल्या अडचणीकडून आपोआप बाहेरच्या अडचणीपाशी येतो.

बाहेरच्या अडचणीचा विषय निघाला, की 'सामान्य प्रेक्षक' नावाचा एक माणूस पुढे केला जातो. तो दिवसभर राबून दमलेला असतो, त्याला दोन घटका करमणूक हवी असते, डोक्याला ताप नको असतो. हे वर्णन बहुधा त्याला न विचारताच लिहिलेलं असतं. विचारून पाहिल्याचं एक ठळक उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे सुपारीच्या बागांचं लहान गाव. तिथे के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या सोबत्यांनी 1949 साली 'नीनासम' ही नाट्यसंस्था काढली. नाटकाच्या जोडीने पुढे तिथे चित्रपटही आले, आणि ते राय नि जपानचे कुरोसावा यांचे. सत्तरच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवणारे प्राध्यापक सतीश बहादूर हेग्गोडूला गेले आणि गावकऱ्यांसाठी शिबिर घेतलं. चित्रपट दाखवायचा, थांबवायचा, त्यावर बोलायचं, पुन्हा दाखवायचा. बोलणं कन्नडमधून. सुब्बण्णांना 1991 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे हे काम होतं.

नीनासमने कुरोसावाला कापून सोपा केला नाही, आणि गावकऱ्यांना आधी पदवी घेऊन या असंही सांगितलं नाही. जवळची जागा, कळणारी भाषा, पुन्हा पाहण्याची सोय आणि शंका विचारायला माणूस, एवढं दिलं. चित्रपट तोच, प्रेक्षक तोच, वाट तेवढी नीट केली.

केरळमध्ये जॉन अब्राहम या फिल्म इन्स्टिट्यूटच्याच विद्यार्थ्याने आणखी पुढचं टोक गाठलं. त्याने नि त्याच्या मित्रांनी 1984 साली 'ओडेसा' नावाचा गट काढला आणि गावोगाव फिरून लोकांच्या वर्गणीतून 'अम्मा अरियान' (1986) उभा केला. एका तरुणाच्या आत्महत्येची बातमी त्याच्या आईला सांगायला निघालेली मुलं, आणि वाटेत वाढत जाणारा त्यांचा जथा. तुकड्या-तुकड्यांनी, आठवणी आणि आंदोलनं यांच्यात मागेपुढे जात सांगितलेला हा चित्रपट कुठल्याही मापाने सोपा नाही. ज्यांच्या पैशाने तो झाला त्या लोकांपुढे तो न्यायचा, हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं होतं. कळला नाही तर ते तोंडावर सांगतील, ही जोखीम पत्करून.

आपल्याकडे हे नवं वाटायचं काही कारण नाही. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 ची. नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या, सातशे वर्षांपूर्वीची मराठी, आणि विषय तत्त्वज्ञानाचा. आजच्या पदवीधरालाही ती अर्थासकट सरळ वाचता येत नाही. तरी गावोगावच्या सप्ताहांत तिचं पारायण चालतं, आणि मांडवात बसलेल्यांमध्ये शेतकरी असतात, म्हाताऱ्या बाया असतात, शाळा अर्ध्यावर सोडलेले असतात. सोपी आवृत्ती काढा, नाहीतर आम्ही येणार नाही, असं कुणी म्हणत नाही. कारण ग्रंथाभोवती पिढ्यान्‌पिढ्या एक सोय उभी राहिली आहे. दरवर्षी तोच ग्रंथ पुन्हा, मोठ्याने, सगळ्यांसमवेत. जोडीला प्रवचन आणि कीर्तन. पहिल्या वर्षी कळलं नाही याची लाज नाही, कारण पुढचं वर्ष आहेच. अवघड चित्रपटाला ही सोय कधी लाभलीच नाही. त्याला एक आठवडा मिळतो, आणि त्या आठवड्यात तो कळला पाहिजे अशी अट असते.

आता या बाहेरच्या अडचणी जरा जवळून पाहू. पहिली जागेची नि वेळेची. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने चित्रपट काढायला पैसे दिले, पण ते दाखवायचे कुठे याचा बंदोबस्त कधीच पुरेसा झाला नाही. मुंबईत आकाशवाणीचं थिएटर, शहराशहरांत 1968 पासूनच्या 'प्रभात चित्र मंडळा'सारख्या फिल्म सोसायट्या, एवढ्यावर भागवलं गेलं. 1976 साली संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने महामंडळावर ताशेरे ओढले. चित्रपट पैसे परत आणत नाहीत, ही मुख्य तक्रार. दुकान न मांडता विक्री का होत नाही म्हणून विचारण्यातला हा प्रकार. पुढेही चित्र फार पालटलं नाही. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये सोयीची वेळ द्यावी, असा आग्रह महाराष्ट्र सरकारला 2015 च्या एप्रिलमध्ये धरावा लागला. 'कोर्ट' प्रदर्शित झाला तो त्याच महिन्यात. सकाळच्या शोला नोकरदार माणूस जाऊ शकत नाही. त्याच्या न येण्याला त्याची अभिरुची ठरवून मोकळं व्हायचं, हे अप्रामाणिक आहे.

याउलट उदाहरणही घरचंच आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शन रविवारी दुपारी वेगवेगळ्या भारतीय भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवत असे. मल्याळम, बंगाली, आसामी, कन्नड. वरणभात जेवून लवंडलेल्या घरात, दुसरा चॅनल नसल्यामुळे का होईना, ते पाहिले जात. निम्मी माणसं झोपत, निम्मी बघत राहत. त्या जबरदस्तीचे गोडवे गायला नकोत. पण तिकीट, प्रवास आणि संकोच या तिन्ही अडचणी तिने एकदम काढल्या होत्या, हे खरं. आपल्यासारख्यांचं हे काम नव्हे, असं वाटायला तिथे वावच नव्हता. चित्रपट आपल्याच घरात चालू असे.

दुसरी अडचण भाषेची, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पुण्याचा चित्रपट महोत्सव 2002 पासून भरतो, इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव 2004 पासून गोव्यात. इराणी, जपानी, पोलिश चित्रपट येतात. सबटायटल्स जवळजवळ नेहमी इंग्रजी. म्हणजे आपल्याकडे कुरोसावा पाहायचा तर जपानी यावं लागत नाही, इंग्रजी मात्र यावं लागतं, आणि तेही पळत्या ओळी झरझर वाचण्याइतकं. हॉलिवूडचे मारामारीचे चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत बोलतात, कारण त्यात पैसा आहे. फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँला मराठी सबटायटल्स नाहीत. मग साताऱ्याच्या किंवा फोंड्याच्या एखाद्या शिक्षकाने 'नाही बुवा कळला' म्हटलं, तर ते मत चित्रपटाबद्दलचं की इंग्रजी ओळींबद्दलचं? पुण्यात चित्रपट रसास्वादाची शिबिरं मराठीतूनही झाली आहेत, आणि ती झाली तेव्हा लांबलांबून माणसं आली. गरज नाही, असं म्हणायला जागा नाही.

तिसरी अडचण संकोचाची. ती सगळ्यांत चिवट, आणि ती पसरवण्यात जाणकारांचा हात मोठा. महोत्सवाचं पत्रक, समीक्षकाचा लेख, चर्चेतला प्रश्न, सगळं अशा भाषेत की चित्रपटाआधी तेच अंगावर यावं. 'मला कंटाळा आला' हे वाक्य तिथे उच्चारायची सोय नसते. हेग्गोडूच्या शिबिराचं किंवा सप्ताहातल्या चांगल्या प्रवचनकाराचं बळ हे, की अडाणी शंका तिथे हसण्यावारी जात नाही. कंटाळा आला? कुठे आला? त्या शॉटमध्ये काय चाललं होतं? तिथून तर बोलणं सुरू होतं.

इतकं झाल्यावर सुरुवातीचा प्रश्न नीट मांडता येतो. अवघड चित्रपट सामान्य प्रेक्षकाला पाहायला मिळाला पाहिजे का? निःसंशय. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचे तर सरकारी, म्हणजे त्याच्याच पैशाने झालेले. त्यासाठी तो सोपा केला पाहिजे का? नाही. सोपं करणं हा दिसतो तेवढा उदार विचार नाही. त्यात प्रेक्षकाला याहून जास्त झेपणार नाही, हा निकाल त्याला न विचारता दिलेला असतो. आणि 'सगळ्यांसाठी नसतोच' म्हणणारा तरी वेगळं काय करतो? तोही तोच निकाल देतो, फक्त दार लावून घेतो.

सगळी सोय केली, तरी पुष्कळांना 'उसकी रोटी' आवडणार नाही. नको आवडू दे. पाहून नाकारणं हाही प्रेक्षकाचा हक्कच आहे. राय यांनी तो बजावला, तसा बसस्थानकामागच्या टपरीवाल्यानेही बजावावा. दिग्दर्शकाला असा नकार सोसता आला पाहिजे. पण ज्याला चित्रपट कधी वेळेवर, परवडेल अशा दरात, स्वतःच्या भाषेतल्या ओळींसकट दाखवलाच नाही, त्याच्या नावावर आवडनिवड खपवणं बंद झालं पाहिजे. हेग्गोडूला जे सुपारीच्या बागांमध्ये जमलं, ते आपल्या तालुक्याच्या वाचनालयाला जमणार नाही असं काही नाही. एक प्रोजेक्टर, मराठी ओळी लिहून देणारे दोघं-चौघं, आणि तोच चित्रपट पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवण्याची तयारी, एवढं भांडवल सुरुवातीला पुरे आहे.